‘घरात उर्दू बंद करा’ म्हणण्याआधी पोराचे कान तपासा

माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दांपलीकडे बोलत नव्हता. ‘अम्मा’, ‘दे’, ‘नै’ आणि पाण्यासाठी ‘मम’. बाकी सगळं बोट दाखवून, ओढणी ओढून, नाहीतर रडून. तिच्या सासूबाई म्हणायच्या, “इसका बाप भी देर से बोल्या था, बोलता बोलता बोलेगा.” एकदा त्याला खोकला झाला म्हणून तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. निघताना नणंदेने भीत भीत विचारलं, डॉक्टरसाहेब, हा बोलत नाही अजून. डॉक्टरांनी औषधं लिहिता लिहिता विचारलं, घरात कोणती भाषा बोलता? ती म्हणाली, उर्दू. अंगणवाडीत? मराठी. टीव्हीवर? इंग्रजी कार्टून. “मग गोंधळणारच ना पोर! घरात उर्दू बंद करा. एकच मराठी ठेवा. सहा महिन्यांत बोलायला लागेल.”

पोराच्या कानात कुणी पाहिलं नाही. मागून टाळी वाजवून पाहिली नाही. दोन मिनिटांत निकाल लागला आणि गुन्हेगार ठरली उर्दू.

नणंदेने रात्री मला फोन केला. मी उर्दू हायस्कूलात मराठी शिकवते, बी.एड. आहे, घरात माझा शब्द शेवटचा मानतात. मी म्हटलं, डॉक्टर बरोबर सांगतात, आमच्या शाळेतही दोन भाषांमुळे मुलं मागे पडतात. हे मी कुठे वाचलं होतं, कुणी शिकवलं होतं? कुठेच नाही, कुणीच नाही. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणत होते. हा लेख डॉक्टरांवर चिडून लिहिते आहे हे खरं, पण त्या चिडण्यात माझाही हिस्सा आहे, तो आधीच कबूल करते.

पुढे काय झालं ते ऐका. नणंद उर्दू माध्यमातून दहावी. तिची मराठी बाजारापुरती. लेकराशी ती मराठीत बोलायला लागली म्हणजे ‘ये’, ‘बस’, ‘जेव’, ‘नको’ एवढंच. लोरी बंद, चिडवणं बंद, रागावणंसुद्धा बंद, कारण रागवायला मराठी सुचायची नाही. घरात सगळ्यात जास्त बोलणारी दादी. ती पोराला मांडीवर घेऊन, अगदी कानाला तोंड लावून कोंबडीची, जिन्नाची, स्वतःच्या माहेराची गोष्ट सांगायची. तिला सांगितलं, तुम्ही गप्प राहा, तुम्हाला मराठी येत नाही. ती बिचारी नातवासाठी गप्प राहिली. आठ महिने.

शेवटी लक्षात आलं ते अंगणवाडीच्या ताईंच्या. त्या म्हणाल्या, समोर आलं की याला सगळं कळतं, पण मागून हाक मारली की वळत नाही. लातूरला नेलं. झोपेचं औषध देऊन बेरा नावाची तपासणी केली. त्यात डोक्याला तारा लावून, कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोहोचतं ते मोजतात. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं, मध्यम ते तीव्र या पट्टीतलं. म्हणजे ठार बहिरा नाही. जवळून, मोठ्याने बोललेलं बरंचसं पोहोचायचं. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून म्हटलेलं नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ सारखे बारीक आवाज तर जवळजवळ नाहीच. उर्दूतलेही नाहीत आणि मराठीतलेही नाहीत.

आता त्या आठ महिन्यांचा हिशेब करा. त्या घरात ज्या एका माणसाचं बोलणं त्या पोराच्या कानात नीट शिरत होतं, ती दादी. आणि आम्ही शिकल्यासवरलेल्यांनी नेमकं तिचंच तोंड बंद केलं.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी जरा जोरात मांडणार आहे. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. जगात कितीतरी मुलं दोन किंवा तीन भाषांत वाढतात. त्यांचे शब्द कधी कधी मिसळतात, एका वाक्यात दोन भाषा येतात, हे वाढणं आहे, आजार नाही. मूल मराठीत तीस आणि उर्दूत तीस शब्द बोलत असेल तर ते साठ शब्द बोलतं असं मोजायचं. आपण काय करतो? मराठी माणूस तीस मोजतो, उर्दू मास्तर तीस मोजतो, आणि दोघं मिळून पोराला मागे पडलेलं ठरवतात.

ज्या मुलाला खरोखर वाचेचा किंवा भाषेचा दोष असतो, त्याचा तो दोष त्याच्या सगळ्या भाषांत दिसतो. घरच्या भाषेत तर दिसतोच दिसतो. म्हणून पहिला प्रश्न आईला विचारायचा असतो: तुमच्या बोलीत हा कसा बोलतो? चुलत भावंडांच्या मानाने कसा? दादीला त्याचं कळतं का? शेजारणीला कळतं का? तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बरंचसं कळायला हवं, चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं. दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘अम्मा आ’, ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडून नाहीत, तर वाट बघत बसायचं नाही. कोणत्या भाषेतले, हा प्रश्नच नाही. आणि बोलत होतं ते मूल बोलायचं थांबलं, किंवा नावाने हाक मारल्यावर वळत नाही, डोळ्याला डोळा देत नाही, आपल्यात खेळत नाही, तर त्याच आठवड्यात दाखवायचं. तिथे कानाबरोबर स्वमग्नताही तपासावी लागते.

याच्या उलटही एक अन्याय चालतो, आणि तो आमच्या धंद्यात, म्हणजे शिक्षकीत, रोज चालतो. जे दोष नाहीत त्यांना आपण दोष म्हणतो. आमची मुलं ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात, ‘बाळ’ला ‘बाल’. मराठी तपासनीस आले की हसतात: “जीभ जड आहे का रे?” जीभ जड नाही साहेब, त्याच्या घरच्या बोलीत ‘ळ’ नाही. दुसऱ्या बाजूने लखनवी उर्दूचा अभिमान असलेले आमचेच काही मास्तर. दखनी बोलणारं पोर ‘क़लम’ला ‘ख़लम’ म्हणतं, ‘क़ब्र’ला ‘ख़ब्र’. त्यांच्या लेखी ते गावंढळ, तोतरं. अहो, दखनीत ‘क़’ चा ‘ख़’ पिढ्यान्‌पिढ्या होतो आहे. त्याची आई तसंच बोलते, आजाही तसाच बोलायचा. तो उच्चार त्याने चुकवलेला नाही, वारशात घेतलेला आहे. पण तेच पोर पाच-सहा वर्षांचं होऊनही घरात ‘काम’ला ‘ताम’ म्हणत असेल, ‘गाय’ला ‘दाय’ म्हणत असेल, जे त्याच्या घरात कुणीच म्हणत नाही, तर मात्र ते तज्ज्ञाला दाखवायचं. एवढा फरक ओळखायला कुठलं यंत्र लागत नाही. त्याच्या घरची बोली ऐकण्याची तयारी लागते, बस.

आणि हे ‘घरची भाषा बंद करा’ कुणाला सांगितलं जातं तेही बघा. पुण्या-मुंबईच्या चांगल्या सोसायटीतलं मूल घरात मराठी, शाळेत इंग्रजी, सांभाळणाऱ्या बाईशी हिंदी बोलतं, तर पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक होतं. त्याच वयाचं तांड्यावरचं मूल घरात गोरमाटी आणि शाळेत मराठी बोलतं, तर ते गोंधळलेलं. उर्दूचं तेच, वडारीचं तेच, भिलीचं तेच. भाषांचा आकडा दोन्हीकडे सारखाच आहे. मग गोंधळ नेमका कुणाच्या डोक्यात आहे? शिवाय दखनी बंद करून मराठी ठेवा म्हणणाऱ्यांना हेही माहीत नसतं की आमच्या पोराचा ‘नक्को’ हा तुमच्या ‘नको’तूनच आलेला आहे. या दोन भाषा शेजारीण-शेजारीण नाहीत, एका चुलीवर जेवलेल्या आहेत. कुठून कुठपर्यंत बंद करणार?

आता आपल्या माणसांकडे वळते. नुसतं डॉक्टरांना बोलून चालणार नाही.

वेखंड उगाळून जिभेला लावणं, अक्कलकाऱ्याची फुलं चघळायला देणं, पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालणं, दर्ग्यावरून धागा आणणं, हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पोपटाच्या पेरूने काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो. पण वेळ हीच तर इथली खरी किंमत आहे. ऐकू न येणाऱ्या मुलाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत मेंदू आवाजासाठी जेवढा तयार असतो तेवढा पुढे राहत नाही. कानाचं यंत्र असो की कॉक्लिअरची शस्त्रक्रिया, लवकर झालं तर फळ वेगळं, सातव्या वर्षी झालं तर वेगळं. वर्षाच्या आतल्या बाळाला वेखंडाबरोबर मध चाटवणं तर धोक्याचंच, त्या वयात मध देऊच नये. आणि ‘जीभ चिकटलेली आहे, धागा कापा’ म्हणून पोराला कुठेही नेणाऱ्यांनो, चिकटलेल्या जिभेने दूध ओढायला त्रास होऊ शकतो, एखादा आवाज अडू शकतो, पण मूल बोलतच नाही याचं कारण ती नसते.

आणखी एक गोष्ट, जी मुशायऱ्यात, जलशात कुणी बोलत नाही. जन्मतः कमी ऐकू येणारी मुलं साधारण हजारात एक-दोन असतात. जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते, कारण दोघांकडून एकच दोषी जनुक येऊ शकतं. आमच्यात चुलत, मावस, आते, मामे सगळीकडे लग्नं होतात. मराठी हिंदू घरांतही मामाची मुलगी करतात, तेव्हा बोट आमच्याकडेच दाखवायचं कारण नाही. पण आमच्या घरात एक बहिरं मूल झाल्यावर दुसऱ्याच्या वेळी जन्मताच कान तपासायला कोणी अडवलंय? नणंदेचं लग्न मावसभावाशी झालंय. हे मला त्या रात्री फोनवर आठवायला हवं होतं.

अडखळत बोलणाऱ्या मुलांबद्दल मला सगळ्यात जास्त शरम वाटते, कारण तिथे मी शिक्षक म्हणून वागले. आठवीतला एक मुलगा हजेरीला उत्तर द्यायचा नाही. नाव पुकारलं की त्याचा ‘हाज़िर’मधला ‘ह’ घशातच अडकायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, वर्गात खसखस पिकायची. तो मग बाकावर हात आपटायचा. मला ते उद्धटपणाचं वाटलं. वर्गात समोर बसलेल्या मुलाची मी सलग दोन दिवस गैरहजेरी लावली. आणि तोच मुलगा सकाळच्या परिपाठात नात म्हणायचा, एकही शब्द न अडखळता. स्टाफरूममध्ये निकाल लागला: ढोंग करतो, गाता येतं मग बोलता कसं येत नाही?

येत नाही म्हणूनच येत नाही. गाताना, चालीवर म्हणताना, सगळ्यांबरोबर एका सुरात वाचताना अडखळणं बहुतेकांचं थांबतं. हे अडखळण्याचं ओळखीचं लक्षण आहे, ढोंगाचा पुरावा नाही. माझं बी.एड. एका वर्षाचं होतं. त्यात पाठ टाचण कसं आखायचं, फळ्यावर अक्षर किती मोठं काढायचं, सगळं होतं. हे कुणी सांगितलं नाही. आता अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, समावेशक शिक्षणाचा पेपर आला. नव्या शिक्षकांना मी विचारते, अडखळणारा मुलगा आला तर काय करशील? ते म्हणतात, सांगेन, घाबरू नकोस, दीर्घ श्वास घे, सावकाश बोल. पेपर आला, पण हे उत्तर काही बदललं नाही.

अडखळणं भीतीने सुरू होत नाही, डावखुऱ्याला उजवं करण्याने नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. बहुतेक वेळा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं, घराण्यात चालतं, मुलांत मुलींपेक्षा जास्त दिसतं. शंभरातली पाचेक मुलं कधी ना कधी अडखळतात, बहुतेकांचं सुटतं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं राहतं. सहा महिन्यांहून जास्त चाललं, चेहरा-मान ताणली जायला लागली, किंवा मूल शब्दच टाळायला लागलं, तर वाचातज्ज्ञाकडे न्यायचं. घरी करायचं काय? ‘नीट बोल’ म्हणायचं नाही. त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. आपणच जरा सावकाश बोलायचं आणि तो काय म्हणतोय ते ऐकायचं, कसा म्हणतोय ते नाही. मारणं, पाहुण्यांसमोर बोलायला लावणं, नक्कल करणं, यातलं एकही उपचारात मोडत नाही.

मकतबमध्ये सबक़ अडकला की छडी पडते. तिथल्या मौलानांशी मी याबद्दल बोलले तेव्हा त्यांनी मला मूसा अलैहिस्सलामांची दुआ शिकवा म्हणून सांगितलं, जिभेची गाठ सुटण्यासाठी केलेली. दुआ पोराला पाठ होती. मी विचारलं, मौलाना, सूरह ताहामध्ये मूसांनी त्याच दुआमध्ये पुढे काय मागितलं? भाऊ हारून मदतीला मागितले. आणि ते मिळाले. अडखळत बोलणाऱ्या नबीला कुणी छडी मारली नाही, सोबती दिला. आमच्या पोरांना हारून कोण देणार? बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हज़रत आयशांकडून आलेली हदीस आहे की ज्याला क़ुरआन वाचणं जड जातं आणि तरी जो वाचत राहतो त्याला दुप्पट सवाब आहे. मुस्लिमच्या पाठात त्या अडखळण्यासाठी जो अरबी शब्द आलाय तो उच्चारतानासुद्धा जीभ अडखळते. दुप्पट सवाब ज्याच्या वाट्याला, त्याच्या तळहातावर वळ! मौलाना गप्प बसले. भले माणूस आहेत. छडी सध्या कपाटावर आहे असं पोरं सांगतात.

सरकारकडे काय आहे? कागदावर बरंच आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, त्यात ऐकणं, बोलण्यातला उशीर, दुभंगलेली टाळू, सगळं बसतं. पुढचे उपचार मोफत. आमच्या मोहल्ल्यात तपासणीच्या दिवशी पोरं घरी ठेवतात, सुई टोचतील, नाव कुठेतरी लागेल, म्हणून. ही भीती कुठून येते ते मला कळतं, पण तिचं नुकसान कुणाचं होतं? वांद्रे रेक्लमेशनला वाचा आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून उभी आहे. तिला नाव कुणाचं आहे? अली यावर जंग यांचं. हैदराबादी माणूस, उस्मानिया आणि अलीगढचे कुलगुरू, महाराष्ट्राचे राज्यपाल. मोहल्ल्यातल्या एकालाही हे नाव माहीत नव्हतं, मलाही आत्ता आत्ता कळलं.

कायद्यात मात्र एक भोक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेची अक्षमताही आहे. पण व्याख्या वाचा: कायमस्वरूपी असावी, आणि शारीरिक किंवा मेंदूच्या कारणाने आलेली असावी. उदाहरणं दिली आहेत ती स्वरयंत्र काढलेल्याची आणि मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्याची. आमच्या आठवीच्या मुलासारखे अडखळणारे या चौकटीत सहसा बसत नाहीत. दहावीला भाषा विषयात ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत, त्यात तोंडी. त्या २० गुणांसमोर तो एकटा उभा राहतो. प्रमाणपत्र नाही, म्हणून सवलत नाही. सवलत नाही, म्हणून शिक्षकाला त्याचा त्रास दिसतही नाही.

लातूरच्या वाचातज्ज्ञ बाईंबद्दल सांगितल्याशिवाय थांबणार नाही, कारण सगळेच तसे नसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी चित्रं दाखवली. पोराने एका तांब्याच्या चित्रावर हात ठेवला आणि काहीतरी म्हटलं. त्यांना कळलं नाही. त्यांनी दादीकडे पाहिलं. दादी म्हणाल्या, “बधना बोल्या उने.” बाईंनी वहीत ‘बधना’ लिहून घेतलं आणि बरोबर अशी खूण केली. मग म्हणाल्या, आजी, घरात कोण जास्त बोलतं याच्याशी? दादी खाली बघायला लागल्या. मी म्हटलं, यांना बोलायला मनाई केली होती. बाई एकदम थांबल्या. म्हणाल्या, कुणी? मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दादींना सांगितलं, रोज पंधरा-वीस मिनिटं, कानाचं यंत्र चालू करून, त्याच्या समोर बसून, तोंड दिसेल असं, तुमच्या भाषेत. जास्त बोललात तरी चालेल.

यंत्र लागून सात महिने झाले. सेल लवकर संपतात, लातूरला जायला दर खेपेला नणंदेचा अख्खा दिवस मोडतो आणि नवऱ्याचा रोज बुडतो. पोर आता दोन-तीन शब्दांची वाक्यं करतं. ‘स’ अजून ‘त’ होतो. मला मुमानी म्हणता येत नाही, ‘मुनानी’ म्हणतं. मागच्या रविवारी दादी कोंबडीची गोष्ट सांगत होत्या, त्या मध्येच नमाज़ला उठल्या, तर याने मागून हाक मारली, “दादी, फिल क्या हुआ?”